रिकामं दिसणारं पार्टिशन

जागा रिकामी दिसली की आपल्याकडच्या माणसाचे हात शिवशिवतात. बांधाला वीतभर जागा असली तर तिथं शेवग्याची फांदी खोचतील, जिन्याखाली कोपरा असला तर मोडकी सायकल कोंबतील. माझी सगळी नोकरी या सवयीशी भांडण्यात गेली. मी डेटाबेस सांभाळायचो. जळोचीत राहून बारामती, इंदापूर आणि आसपासचे कारखाने, दवाखाने, दूध केंद्रं यांच्या मशीनवरच्या नोंदी नीट राहतील हे बघायचं, एवढंच माझं काम. आमची ही आजही पाहुण्यांना सांगते, "ह्यांचं कॉम्प्युटरमधलं काहीतरी असायचं." तीस वर्षांच्या संसारात तिनं यापलीकडे चौकशी केली नाही आणि मीही सांगायच्या फंदात पडलो नाही.

या अंकासाठी मात्र सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

डिस्क म्हणजे एक गोदाम धरा. त्यात माल ठेवायच्या दोन तऱ्हा असतात. एका तऱ्हेत गोदामावर कारकून असतो. पोतं त्याच्याकडे द्यायचं, तो सोयीची जागा बघून ठेवतो आणि कुठं ठेवलं ते वहीत लिहितो. या कारकुनाला फाइल सिस्टीम म्हणतात. दुसऱ्या तऱ्हेत कारकूनच नाही. डिस्कचा एक तुकडा, म्हणजे पार्टिशन, कोराच्या कोरा डेटाबेसच्या ताब्यात द्यायचा. मग डेटाबेस आपल्या हातानं, ओळीनं माल लावत जातो. याला रॉ पार्टिशन म्हणतात. मधला माणूस नसल्यामुळे काम चटकन होतं, आणि 'लिहिलं' म्हटलं की ते खरोखर डिस्कवर गेलेलं असतं, कारकुनाच्या टेबलावर रेंगाळत नाही. खोट अशी की वही नसल्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला ते गोदाम रिकामं दिसतं. मशीनलाच विचारलं तर मशीनही सांगतं, इथं काही नाही.

लोणी देवकरला सुट्या भागांचा एक कारखाना होता. नाव सांगत नाही, आता त्याचे मालकही बदललेत. तिथं गेटवर कार्ड लावून हजेरी घ्यायची यंत्रणा मी बसवली. मुख्य कार्यालयानं वापरून टाकून दिलेलं मशीन त्यांनी माझ्या गळ्यात मारलं होतं. पाळी बदलायच्या वेळी दोन-अडीचशे माणसं एकदम गेटवर यायची आणि ते मशीन प्रत्येक कार्डापाशी घुटमळत बसायचं. रांग रस्त्यावर जायची. मी फाइल सिस्टीम काढून टाकली, डेटा रॉ पार्टिशनवर घेतला आणि दुसऱ्या दिवशीपासून रांग दिसेनाशी झाली. मला त्याचा गर्व झाला होता, खोटं कशाला बोलू. रोजचा बॅकअप फक्त फायली उचलतो, रॉ पार्टिशनला हातही लावत नाही, म्हणून त्यासाठी वेगळी आज्ञा द्यावी लागते. ती मी कागदावर लिहून मशीनरूमच्या भिंतीवर चिकटवली. खाली ठळक लिहिलं: 'हे पार्टिशन रिकामे दिसते. रिकामे नाही. हात लावू नये.'

आणखी दोन गोष्टी मी तिथं केल्या. व्यवस्थापनाचं म्हणणं होतं की काही जण कार्ड लावून आत येतात आणि मागच्या कुंपणावरून पसार होतात. म्हणून नियम केला: आत आल्याची नोंद आहे पण बाहेर गेल्याची नाही, तर त्या दिवशी माणूस गैरहजर. हजेरी बुडायला लागल्यावर कुंपणावरून जाणं बंद झालं. दुसरी गोष्ट म्हणजे आग लागली तर आत किती माणसं आहेत ते कळावं म्हणून गेटच्या केबिनवर लाल आकड्यांची एक पाटी लावली. आत गेलेल्यांतून बाहेर आलेले वजा, एवढाच तिचा हिशेब. पाटीवर लिहिलेलं असायचं 'आत', आणि पुढं आकडा.

कारखान्याला गुरुवारी सुट्टी असायची. श्रावणातल्या एका गुरुवारी पहारेकरी शंकरतात्यांचा फोन आला. तात्या फौजेतून आलेला माणूस, उगाच घाबरणाऱ्यातला नव्हे.

"साहेब, आज समदं बंद हाय. मी सोडून हितं कुणी न्हाय, आन माझं कार्ड मी भाईर लावलंय. तरी पाटी म्हणती, आत एक."

"मशीन अडकलं असेल, तात्या."

"तीन गुरवार झालं. मी आधी कुणाला बोललो न्हाय."

"मग बाकीच्या दिवशी?"

"बाकीच्या दिवशी दोनशेत एक जास्त, कुणाला कळतंय? आज मोकळं हाय म्हणून दिसतंय."

मला जे सुचायला हवं होतं, ते त्यांना सुचलं होतं. मी मोटारसायकल काढली आणि उन्हाचाच लोणी देवकरला पोचलो. केबिनच्या कठड्यावर एक कप चहा ठेवलेला होता, वर साय धरलेली. मी विचारलं, कुणाचा? तात्या दुसरीकडे बघत म्हणाले, "सकाळी दोन आणतो. एक माझा, एक त्या आतल्याचा. संध्याकाळी वतून टाकतो." मी हसलो. ते हसले नाहीत.

आम्ही दोघं शेडमध्ये फिरलो. चालू कारखान्यात मी शंभरदा गेलो असेन, पण बंद कारखान्यात भर दुपारी कधी गेलो नव्हतो. यंत्रं हात आखडून बसल्यासारखी वाटत होती. वरचा पत्रा उन्हानं तडतडत होता आणि मधेच थांबायचा, तेव्हा तो का थांबला असं वाटून मी वर बघायचो. तात्यांनी हाक मारली, "कोन हाय रं आत?" आवाज शेडच्या टोकाला जाऊन जरा उशिरानं परत आला. आपण एवढे शिकलेले, एका आकड्यापायी काय फिरतोय, असं मनात म्हणत मी मशीनरूम गाठली.

आत आल्याची नोंद असून बाहेर गेल्याची नाही अशा ओळी मी मागवल्या. एकच आली. कार्ड दोनशे बारा, तीन आठवड्यांपूर्वीची, दुपारी दोन वाजून बावन्न मिनिटं. ठेकेदाराची माणसं रोज बदलायची, कार्डं इकडची तिकडं व्हायची. कार्ड कुणाचं हे दुसऱ्या तक्त्यात होतं. बघायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी बघितलं नाही. ओळ खोडून टाकली. बाहेर येऊन पाटीकडे बोट दाखवलं, "बघा, शून्य."

तात्या पाटीकडे बघत राहिले. म्हणाले, "गेला व्हय? भाईर तर आला न्हाय, आन गेला?"

मी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि डबा खायला म्हणून त्यांना मागच्या बाजूला घेऊन गेलो. तिथं लिंबाच्या सावलीत नव्यानं केलेला एक चौकोनी स्लॅब होता, गुळगुळीत आणि स्वच्छ. बसायला झकास जागा. आम्ही त्यावर मांडी घालून भाकरी आणि ठेचा खाल्ला.

त्यानंतर आलं नवरात्र. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची, यंत्रांची पूजा असते आणि त्याआधी साफसफाई. कारखान्यात तर आठवडाभर झाडलोट चालते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी देखभाल विभागाच्या मुख्य रणवरे साहेबांचा फोन आला. माणूस कष्टाळू, हौशी, टापटिपीचा अतोनात नाद असलेला.

"देशपांडेराव, गेटचं मशीन उठंना झालंय. काय झालं कळत नाही. उलट यंदा मशीनरूम अशी चकाचक केलीय, बघत राहाल. डिस्कपण साफ केली. एक अख्खं पार्टिशन रिकामं पडलेलं सापडलं, त्याला फॉरमॅट मारून ठेवला. कॅमेऱ्याच्या फायलींना होईल."

मी खाली बसलो. ही म्हणाली, कोण गेलं?

मशीनरूम खरंच चकाचक होती. मशीनला हळदीकुंकू, वर झेंडूचं फूल. भिंतीला नवा आकाशी रंग दिलेला, आणि माझा कागद त्या रंगाच्या आधी खरवडून काढलेला. बॅकअपच्या टेप बघितल्या. वेगळी आज्ञा कधीच कुणी दिलेली नव्हती. टेपवर सगळं होतं, फक्त डेटा नव्हता. सहा महिन्यांतून एकदा तरी मी त्या तपासायला हव्या होत्या, त्या तपासल्या नव्हत्या. रणवरेंना बोलायला माझ्याकडे तोंड नव्हतं. व्यवस्थापनानं फार मनावर घेतलं नाही. जुन्या हजेऱ्या छापलेल्या आहेत, नवीन सुरू करा, म्हणाले. मला हायसं वाटलं, हेही कबूल करतो.

त्याच दुपारी गेटवर एक बाई आणि एक म्हातारा उभे होते. अंथुर्ण्याहून आलेले. म्हातारा पूर्वी मेंढरं राखायचा, आता तुकडाभर शेती. नाव भिवाआबा. बाई त्यांची सून, मालन. तात्यांनी मला खुणेनं बोलावलं.

मालनचा नवरा महादू ठेकेदाराकडे कामाला होता. आषाढात एका दुपारी डबा घेऊन कामावर गेला तो परत आला नाही. कारखान्यानं कागद दाखवला: त्या दिवशी गैरहजर. पोलिसांनीही तोच कागद बघितला.

"लोक म्हणत्यात, दुसरी बाई केली आन गेला," मालन म्हणाली. ती रडत नव्हती, रडून झालेलं असावं. "पोरीला शाळंत त्येच ऐकावं लागतंय. मी कुकू लावलं तरी बोलत्यात, न्हाय लावलं तरी बोलत्यात. मला बाकी काय नगं साहेब. त्यो त्या दिवशी ह्या दारातनं आत आला का न्हाय, येवढंच सांगा."

"कार्डाचा नंबर माहीत हाय?" तात्यांनी विचारलं.

"दोनशे बारा. डब्याच्या झाकणावर मीच रंगानं लिवला हुता, बदलू नये म्हणून."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली. मग मी त्यांना चार दिवस थांबायला सांगितलं, आणि का ते सांगायची हिंमत झाली नाही.

फॉरमॅट मारणं म्हणजे काय, तर गोदामावर नवा कारकून बसवणं. तो दारात बसतो, कोरी वही उघडतो, दोनचार ठिकाणी आपल्या खुणा करतो. मागं रचलेली पोती तो उचलून फेकत नाही, त्याच्या वहीत ती नसतात इतकंच. खोडलेल्या नोंदीचंही तसंच. डेटाबेस ओळ पुसत नाही, 'ही आता नाही' अशी खूण करतो, आणि पुढं कधीतरी तिच्या जागी दुसरी ओळ लिहितो. दसऱ्यानंतरही यंत्रणा चालू राहिली असती, तर महादूच्या ओळीवर कधीतरी दुसऱ्या कुणाची तरी हजेरी बसली असती. रणवरेंनी फॉरमॅट मारला, सगळं बंद पडलं आणि म्हणून ती जागा तशीच राहिली असण्याची आशा होती. शिवाय रॉ पार्टिशनवर माल ओळीनं लागलेला असतो. ज्या गोष्टीनं मला बुडवलं तीच आता उपयोगी पडणार होती.

डिस्कची नक्कल घेऊन मी जळोचीला आलो आणि डेटाबेसला मधे न घेता ती कच्ची वाचायला बसलो. पडद्यावर अर्थ नसलेली अक्षरं वाहत असतात, त्यातून मधेच माणसं निघतात. नंबर, वेळ, आत. नंबर, वेळ, बाहेर. पलीकडच्या खोलीत पुष्कळ लोक येताजाताना पावलं ऐकू यावीत तसं ते होतं. काही दिवसांनी ते नंबर ओळखीचे झाले. एक जण रोज शेवटी यायचा. दोघं कायम एकामागोमाग. मशीन सांगत होतं, हे पार्टिशन रिकामं आहे, आणि त्यातून माणसांची रांग चाललेली होती. ही चहा ठेवून जायची, मला त्या दुसऱ्या कपाची आठवण व्हायची आणि तो गार होईपर्यंत मी हात लावायचो नाही.

पाचव्या दिवशी दुपारी दोनशे बारा सापडला. दोन बावन्न, आत. पुढं माझी खोडल्याची खूण. त्यानंतर डिस्क संपेपर्यंत मी वाचत गेलो. दोनशे बारा पुन्हा कुठंही नव्हता. खात्रीसाठी मी ते सगळं तीनदा वाचलं.

अंथुर्ण्याला जाऊन दोघांना सांगितलं. तो आत आला होता. बाहेर आल्याची नोंद नाही. पाटी तीन आठवडे ते सांगत होती आणि मी ती ओळ खोडली. भिवाआबा घोंगड्यावर बसले होते.

"आमी सांजचं मेंढरं जाळीत कोंडायचो," ते म्हणाले. "आत किती गेली, सकाळी भाईर किती आली, येवढंच राखणाऱ्यानं बघायचं असतंया. एक कमी निघालं तर आमी जाळी सोडून हिंडायचो, मेंढरू मेलं तरी शोधायचो. तुमच्या यंत्रानं बरोबर सांगितलं हुतं, साहेब. तुमीच त्येला गप केलं."

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

कारखान्यात जाऊन मी रणवरेंसमोर छापलेली ओळ ठेवली. विचारलं, या दुपारी ठेकेदाराची माणसं कुठं कामाला होती? त्यांनी डायरी उघडली. पान सापडल्यावर त्यांचं बोट थांबलं.

"मागं," ते म्हणाले. "तेला-पाण्याचा जुना खड्डा होता. कडेची घाण काढायला एक माणूस पाठवायला सांगितलं होतं. खड्डा खोल, कुणी पडेल म्हणून बंदच करून टाकायचा होता." डायरी मिटत म्हणाले, "संध्याकाळी मी स्वतः बघितलं हो. काळं पाणी, शांत होतं. काहीच दिसलं नाही. सकाळी स्लॅब टाकला."

लिंबाखालचा तो स्लॅब. मला ठेच्याची चव तोंडात आली आणि मी उठून बाहेर गेलो.

पोलीस आले, पंच आले. ज्या दिवशी स्लॅब फोडायचा होता त्या दिवशी सगळा कारखाना रिकामा केला. आदल्या दिवशी मी गेटची यंत्रणा नव्यानं उभी केली होती, या वेळी साध्या फाइल सिस्टीमवर. आताची मशीनं इतकी वेगवान आहेत की रॉ पार्टिशनच्या त्या फायद्याला फारसा अर्थ उरलेला नाही; आणि असता तरी मी पुन्हा तसं केलं नसतं. जी गोष्ट आहे ती सगळ्यांना दिसली पाहिजे, रणवरेंना, तात्यांना, टेपला, माझ्यानंतर येणाऱ्याला. सुरू करण्याआधी एक ओळ मी माझ्या हातानं परत लिहिली. कार्ड दोनशे बारा, दोन बावन्न, आत.

पहिल्यांदा डबा वर आला. काळा झाला होता, पण झाकणावरचा रंग उठून दिसत होता. त्यानंतर मी तिथं थांबलो नाही.

रुग्णवाहिका गेटपाशी आली तेव्हा बाहेर अंथुर्ण्याची बरीच माणसं जमली होती. त्यात नाही नाही ते बोललेलेही असणार. शंकरतात्या केबिनमधून उतरले, गाडीसमोर आले आणि त्यांनी हात आडवा धरला.

"थांबा. नोंद केल्याबिगर ह्या दारातनं कुणी जात न्हाय."

हवालदार काहीतरी म्हणायला निघाले आणि थांबले. कार्ड विसरलेल्यांसाठी केबिनमध्ये आकड्यांची बटणं होती. तात्या त्यापाशी गेले. आत कामगार नव्हते, साहेब नव्हते, शेड बंद होती. वरच्या पाटीवर 'आत' होतं आणि पुढं लाल आकड्यात एक.

मालन त्या पाटीकडे बघत होती. मग ती गर्दीकडे वळली. पहिल्यांदाच तिचा आवाज मोठा झाला.

"बघा. गेला न्हवता त्यो. हितंच हुता."

भिवाआबांनी पटका काढून हातात घेतला. तात्यांनी एकेक बटण दाबलं, दोन, एक, दोन, आणि पाटीवर शून्य आलं.